‘मंजूर’ म्हणजे नेमकं काय झालं? नगरपरिषदेची बातमी मिळवावी कशी, द्यावी कशी

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. तीसेक हजार वस्तीचं शहर, क वर्ग नगरपरिषद. डिसेंबर २०२५च्या निवडणुकीनंतर नवी बॉडी, म्हणजे निवडून आलेलं सभागृह, बसली आहे. तुम्ही चौघं मित्र मोबाइलवर शहराच्या खबरबातीचा गट चालवता. मागे तुम्ही ‘स्टेशन रोडसाठी दोन कोटी मंजूर’ अशी बातमी दिलीत. त्याला दीड वर्ष झालं, तिथे खडीचा एक डंपरसुद्धा उतरलेला नाही, आणि लोक नगरसेवकाला सोडून तुम्हालाच जाब विचारतात. नगरपरिषदेत खरोखर काय ठरतं ते कळायचं कसं आणि लोकांना सांगायचं कसं, हा तुमचा प्रश्न.

मी तीन नगरपरिषदांत मिळून ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं सभा लिपिक होतो, शेवटी कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. विषयपत्रिका काढणं, सभेत बसून टिपणं घेणं, इतिवृत्त म्हणजे सभेचा लेखी वृत्तांत लिहिणं हेच माझं काम. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या टेबलाच्या बाजूने देता येईल.

तुमची बातमी खोटी नव्हती. तुम्हाला ‘मंजूर’ हा शब्द नडला. नगरपरिषदेच्या कामात एकच रस्ता चार-पाच वेळा मंजूर होतो, आणि दर वेळी पेपरात बातमी येते. आधी सर्वसाधारण सभेत ठराव होतो. त्याचा अर्थ एवढाच, की हे काम व्हावं असं सभागृहाचं मत आहे. पैसे कुठून येणार हे अजून ठरलेलं नसतं. मग प्रस्ताव वर जातो. राज्याच्या नगरोत्थान किंवा वैशिष्ट्यपूर्ण योजना, जिल्हा नियोजन समिती असं जे दार असेल तिथून निधी आणि प्रशासकीय मान्यता मिळते. ही दुसरी ‘मंजुरी’. कामाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकाला सक्षम अभियंत्याची तांत्रिक मान्यता लागते, ती तिसरी. मग निविदा निघते, दर उघडतात आणि सर्वांत कमी दराला मान्यता मिळते, ती चौथी. त्यानंतर ठेकेदार अनामत भरतो, करारनामा होतो आणि कार्यारंभ आदेश निघतो. लोक त्याला वर्क ऑर्डर म्हणतात. रस्ता जमिनीवर दिसायची शक्यता या कागदापासून सुरू होते. त्याच्या अलीकडचं सगळं कागदावरचं आहे.

म्हणून इथून पुढे ‘मंजूर’ हा शब्द एकटा छापू नका. कोणी मंजूर केलं, काय मंजूर केलं, कोणत्या तारखेला, ठराव किंवा आदेश क्रमांक किती, हे चार प्रश्न विचारा. चारांची उत्तरं मिळाली तर बातमी आहे. नुसता आकडा मिळाला तर ती घोषणा आहे, आणि घोषणा म्हणूनच सांगा. ‘स्टेशन रोडचा ठराव सभेत झाला, निधीचा प्रस्ताव अजून पाठवायचा आहे,’ असं लिहिलं असतं तर आज तुम्हाला कोणी धरलं नसतं.

आता हे चार तपशील मिळतात कुठे? पहिली जागा विषयपत्रिका. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५, कलम ८१ प्रमाणे आधीच्या सभेपासून दोन महिन्यांच्या आत पुढची सर्वसाधारण सभा झालीच पाहिजे. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण तीन दिवस आधी निघते. नोटिशीसोबत विषयांची यादी असते आणि ती कार्यालयाच्या फलकावर लागते. तुमच्यापैकी एकाने आठवड्यातून दोनदा त्या फलकासमोर उभं राहून फोटो काढायचा. मी एवढी वर्षं ती पत्रिका फलकावर डकवली, पण ती वाचायला थांबलेली माणसं फार थोडी पाहिली. ओळखीचा नगरसेवक असेल तर त्याच्याकडे टिप्पणीसह पूर्ण संच असतो. प्रत्येक विषयाखाली कार्यालयाने लिहिलेली टिप्पणी म्हणजे त्या विषयाचा सगळा इतिहास. विषयाचं नाव एक ओळ आणि टिप्पणी दोन पानं. बातमी त्या दोन पानांत असते.

पत्रिकेची भाषा सुरुवातीला डोक्यावरून जाईल, पण तीन-चार शब्द ओळखायला शिका. ‘अवलोकनार्थ’ म्हणजे फक्त माहितीसाठी, निर्णय नाही. ‘विचारविनिमय करून निर्णय घेणे’ म्हणजे अजून काही पक्कं नाही, इथे लोकांच्या म्हणण्याला वाव आहे. ‘कार्योत्तर मंजुरी देणे’ दिसलं की तिथे बोट ठेवून थांबा. म्हणजे काम किंवा खर्च आधीच होऊन गेलाय आणि सभागृहाची संमती आता घेतली जातेय. पूर आला, पंप जळाला, पाइपलाइन फुटली, तर असं करावं लागतं, त्यात गैर काही नाही. नगराध्यक्षांना तातडीच्या प्रसंगी याच अधिनियमाच्या कलम ५८(२) खाली तसा अधिकारही आहे. पण केलेल्या कामाचा आणि कारणाचा अहवाल सभेपुढे यायला हवा. तेव्हा तातडी कसली होती, हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे. पेव्हर ब्लॉक बसवायची तातडी मला नोकरीभर समजली नाही. आणि पत्रिकेच्या अगदी शेवटी असतात ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’. हे आधी कोणालाच माहीत नसतात. सभेनंतर पहिली चौकशी यांचीच करा.

सभेला स्वतः जा. अपवादाचा प्रसंग सोडला तर सभा लोकांना खुली असते. मागच्या खुर्च्यांवर बसायचं, मध्ये बोलायचं नाही, मोबाइलवर चित्रण करायचं तर पीठासीन अधिकाऱ्यांना, म्हणजे सभा चालवणाऱ्यांना, आधी विचारायचं. पहिल्या दोन सभांना सगळे तुमच्याकडे वळून बघतील. तिसऱ्या सभेपासून तुमची सवय होते.

विषय क्रमांक एक नेहमी तोच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय अर्ध्या मिनिटात उरकतात, ‘कायम, कायम’ असा आवाज होतो आणि पुढे जातात. या विषयाबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण तिथे मी स्वतः चुकलोय.

नोकरीला चारेक वर्षं झाली असतील. भाजी मंडईलगतचे गाळे भाड्याने द्यायचा विषय होता. एका नगरसेविका बाई पाऊण तास विरोधात बोलल्या. मंडईत रोज टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांची यादी त्यांनी हातात धरली होती, एकेकीचं नाव वाचून ‘ही कुठे बसणार?’ असं विचारत होत्या. शेवटी विषय मंजूर झाला. मी वरिष्ठांच्या पद्धतीप्रमाणे इतिवृत्तात लिहिलं: ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’ पुढच्या सभेत त्या उभ्या राहिल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, ‘मी पाऊण तास बोलले ते कुठे आहे? सर्वानुमते मध्ये मी आहे का?’ सभागृह शांत झालं. माझ्या हातातलं पेन थरथरत होतं. ती ओळ दुरुस्त झाली, ‘बहुमताने’ लिहिलं, त्यांचं नाव आणि विरोधाची कारणं नोंदली गेली. पुढे ज्या टोपलीवाल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे गेल्या, त्यांच्या हातात त्याच पानाची नक्कल होती. बेकायदा किंवा लोकांना त्रासदायक ठरावाची अंमलबजावणी थांबवायचा अधिकार कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आणि तिथे तोंडी काही चालत नाही, कागद लागतो. त्या दिवसानंतर मी कोणाचंही म्हणणं गाळलं नाही.

तेव्हा सूचक (ठराव मांडणारा) कोण, अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) कोण, सर्वानुमते की बहुमताने, विरोध नोंदवला का, या चार गोष्टी प्रत्येक महत्त्वाच्या ठरावाखाली बघा. तुमच्या प्रभागाचा नगरसेवक बाहेर चौकात विरोध करतो आणि आत अनुमोदक असतो, असं घडतं. ते लोकांना कळायला हवं.

आता मागे वळून एक काम करायला सांगतो, ते जरा कष्टाचं आहे. बऱ्याच नगरपरिषदांची मुदत २०२१ अखेर ते २०२२च्या सुरुवातीला संपली होती. डिसेंबर २०२५ मध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका होईपर्यंत जवळपास चार वर्षं शासनाने नेमलेले प्रशासक होते. कुठे मुख्याधिकारीच, कुठे प्रांत (उपविभागीय अधिकारी). त्या काळात सभा नव्हती, पत्रिका नव्हती, विरोधाची नोंद नव्हती. प्रशासकच ठराव मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार. काही प्रशासकांनी उत्तम काम केलं, मी त्यांच्या हाताखाली राबलोय. पण निर्णय लोकांसमोर झाले नाहीत ही वस्तुस्थिती आहे. दीर्घ मुदतीचे ठेके, भाडेपट्टे, घनकचऱ्याचे करार यांतले अनेक त्या वेळचे असतील आणि त्यांची बिलं आता नवी बॉडी भागवणार आहे. प्रशासकीय ठरावांची नोंदवही मागून वाचा. तुमच्या गटाला वर्षभर पुरेल इतकी माहिती त्यात निघेल.

नोंदवही दाखवतील का, असं तुम्ही विचाराल. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. साध्या अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एका विषयाचा, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तर ३० दिवसांत, प्रतीचे पानाला २ रुपये. शिवाय २०१८ साली शासनाने जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असं ठरवून दिलं. अर्ज करण्याआधी सोमवारी जा. लिपिकाशी नीट बोला. तो तुमचा शत्रू नाही. त्याच्या टेबलावर जन्म-मृत्यूपासून निवडणुकीपर्यंत सगळं असतं. ‘सगळी माहिती द्या’ असा अर्ज आला की त्याला घाम फुटतो आणि तुम्हालाही काही मिळत नाही. ‘ठराव क्रमांक अमुक ते तमुक यांच्या प्रती’ असं मागितलं तर पंधरा मिनिटांत काम होतं.

निधीच्या घोषणांबद्दल. चौकात फ्लेक्स लागतो: अमुक कोटींचा निधी खेचून आणला. खरा असेल तर त्यामागे नगरविकास विभागाचा शासन निर्णय असतो, किंवा जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता. शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर तारखेने आणि विभागाने शोधता येतो, प्रत्येकाला सांकेतांक असतो. वरची दोन पानं प्रस्तावना असते. तुम्ही थेट शेवटच्या तक्त्याकडे जा. तिथे कामाचं नाव आणि रक्कम असते. ‘पाच कोटी’ म्हणून सांगितलेल्या निधीत तुमच्या शहराची दोनच कामं निघतील, बाकी मतदारसंघातल्या इतर गावांची. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशालाही अटी होत्या. आपल्यासारख्या शहरांना २०२१ ते २०२६ या काळात त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे होते. त्यातून सभामंडप का बांधला नाही म्हणून कोणी नगराध्यक्षांना शिव्या देत असेल, तर हा नियम सांगणं हीसुद्धा बातमीच आहे.

नगरपरिषदेचं वार्षिक अंदाजपत्रक, म्हणजे बजेट, फेब्रुवारीत विशेष सभेत येतं आणि दर वर्षी बातमी एकाच साच्याची असते: ‘कोणतीही करवाढ नसलेले शिलकी अंदाजपत्रक सादर’. हे वाक्य पूर्ण सोडून द्या. पुस्तिकेत तीन रकाने बघा: मागच्या वर्षी प्रत्यक्ष काय झालं, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. मिळतील अशा आशेची अनुदानं जमेत धरली की आकडा फुगतो. म्हणून ‘प्रत्यक्ष’चा रकाना खरा. त्यात घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळेभाडं मिळून स्वतःचं उत्पन्न किती ते काढा, आणि पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल यांची बेरीज शेजारी ठेवा. १९९९ साली नगरपरिषदांची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, गेली, तेव्हापासून पगार बऱ्याच अंशी शासनाच्या सहाय्यक अनुदानावर चालतात. ते उशिरा आलं की सफाई कामगारांचे पगार लांबतात आणि गल्लीत कचरा दिसतो. लोकांना कचरा दिसतो, त्याच्यामागचं हे कारण त्यांना कोणी सांगत नाही. पाणीपुरवठ्याचा हिशेब असाच एका पानावर मांडून दाखवा: पाणीपट्टी किती जमली आणि पंपांचं वीजबिल किती आलं. दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा ५ टक्के निधी किती खर्च झाला, हेही दर वर्षी छापा. ज्यांच्यासाठी तो आहे त्यांतल्या अनेकांना अर्ज करायचा असतो हेच ठाऊक नसतं.

घरपट्टीचा विषय तर प्रत्येक घराचा. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, कार्यालयात तिला चतुर्थ वार्षिक म्हणतात. यादी प्रसिद्ध होते, मालकांना नोटिसा जातात, हरकतींना ३० दिवसांची मुदत असते, मग सुनावणी. या ३० दिवसांत तुमचा गट जे काम करेल ते वर्षभराच्या बातम्यांपेक्षा मोठं असेल. एका मुदतीत मी हरकतींच्या टेबलावर होतो. शेवटच्या दिवशी पाच वाजता एक आजी आल्या, पदराच्या गाठीत नोटीस. त्यांच्या घरावर पत्रे, आणि मोजणी करणाऱ्या एजन्सीच्या माणसाने यादीत लिहिलं होतं आरसीसी स्लॅब. शेजारचं घर आणि त्यांचं घर यांची अदलाबदल झाली होती. जागेवर बसून अर्ज लिहून घेतला म्हणून त्यांची आकारणी दुरुस्त झाली. त्याच आळीतल्या कितीतरी जणांनी नोटीस देव्हाऱ्यामागे ठेवून दिली होती. मुदत गेल्यावर ते आले तेव्हा मला हात जोडण्यापलीकडे काही करता आलं नाही. आणि थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. तेव्हा नोटीस आली की चार गोष्टी पडताळायच्या, मोजमाप, बांधकामाचा प्रकार, वापर राहता की व्यापारी आणि मालकाचं नाव, हे तुम्ही मोठ्या अक्षरांत आधीच पसरवा. जमलं तर प्रभागात एक संध्याकाळ टेबल टाकून बसा.

विकास आराखड्याचंही तसंच. मैदान, बाग, शाळा यांची आरक्षणं बदलायची असली की प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६च्या कलम ३७ खाली फेरबदलाचा ठराव येतो. पत्रिकेत तो ‘स.नं. (सर्व्हे नंबर) अमुक मधील आ.क्र. (आरक्षण क्रमांक) तमुक बाबत’ असा दिसतो, मैदानाचं नाव कुठेही नसतं. सर्व्हे नंबर बघितला की आराखड्याच्या नकाशात ती जागा कुठली ते शोधा आणि लोकांना खुणेने सांगा: पोरं क्रिकेट खेळतात ती जागा.

रोजच्या बातम्यांत सर्वांत उपयोगी बातमी पाण्याची. तिचा खरा स्रोत व्हॉल्वमन. पहाटे साडेचारला हातात टी आकाराची लोखंडी चावी आणि बॅटरी घेऊन तो गल्लीत खड्ड्यात वाकलेला असतो. कोणत्या टाकीतून कोणत्या भागाला किती वाजता पाणी सुटतं हे शहरात त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही. त्याचं नाव छापायचं नाही, फोटो काढायचा नाही, त्याची नोकरी ठेक्यावर असते. पण त्याच्याकडून कळलेलं पाणीपुरवठा अभियंत्याकडून पक्कं करून घ्या. ‘उद्या पाणी येणार नाही’ एवढ्या ओळीने घबराट होते आणि टँकरवाल्याचं फावतं. कोणता जलकुंभ, कोणत्या गल्ल्या, कारण काय (वीजवाहिनी बंद, पाइप फुटला, की नदीला गढूळ पाणी आल्याने शुद्धीकरण संथ), पुन्हा कधी येणार, आणि पाणी उकळून प्यायचं का, हे लिहा. पाणी आलं की तेही कळवा. बहुतेक जण हे विसरतात.

चांगलं घडलं तर ते तितक्याच बारकाईने सांगा. एक लाखाच्या आतल्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले नंबर २०२१ला विटा, २०२२ला पाचगणी आणि २०२३ला सासवड असे सलग आपल्याकडच्या नगरपरिषदांनी मिळवले. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने नळाला मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं. वेंगुर्ल्याने कचरा डेपोची अशी जागा केली, की लोक ती बघायला जातात. ही आपल्यासारखीच लहान शहरं. तिथे जाऊन या, एका दिवसाचं काम आहे. मुकादमाशी, घंटागाडीवरच्या बायकांशी बोला. मग आपल्या नगराध्यक्षांना विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात.

गटासाठी दोन नियम. बातमीखाली ती कुठून कळली ते लिहा: सभेत हजर होतो, ठरावाची प्रत पाहिली, की अमुक पदाधिकाऱ्यांनी सांगितलं. आणि चूक झाली तर तिथेच, तितक्याच ठळकपणे दुरुस्ती. स्टेशन रोडपासूनच सुरुवात करा. येत्या सोमवारी तीन वाजता बांधकाम विभागात जाऊन त्या कामाची फाइल बघायला मागा. ठराव क्रमांक, प्रशासकीय मान्यतेची तारीख, तांत्रिक मान्यता, निविदा, वर्क ऑर्डर या क्रमाने पानं उलटत जा. ज्या पानाशी फाइल संपेल तिथे रस्ता अडलाय. त्या शेवटच्या कागदावर कोणाची सही बाकी आहे आणि किती दिवसांपासून, एवढं संध्याकाळी गटावर टाका.